काचबिंदू : वेळीच ओळख, दृष्टीची राखण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेत डोळ्यांच्या दोन आजारांची नावे सख्ख्या भावंडांसारखी आहेत. एक मोतीबिंदू, दुसरा काचबिंदू. नावांच्या या साम्याने अनेक घरांची दिशाभूल केली आहे. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, अशी जुन्या पिढीची रीत होती. तीच रीत कित्येक मंडळी काचबिंदूलाही लावतात आणि ‘पिकला की काढून टाकू’ असे म्हणत वर्षे घालवितात. परंतु काचबिंदू पिकत नाही आणि तो काढूनही टाकता येत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की बहुधा दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू सुकत जाते. या नसेत सुमारे १० ते १२ लाख सूक्ष्म तंतू असतात, आणि सुकलेला तंतू पुन्हा सजीव करणारे औषध, लेसर वा शस्त्रक्रिया आजही वैद्यकाजवळ नाही. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर मोतीबिंदूने अडविलेली दृष्टी ही थकलेली उधारी आहे, उशिरा का होईना ती वसूल होते. काचबिंदूने नेलेली दृष्टी थेट बुडीत खाती जाते.

पेठेतील एका कापड दुकानदाराची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वयाची ५८ वर्षे पूर्ण झालेले हे गृहस्थ ऐन तारुण्यापासून गादीवर बसलेले. नजर इतकी तीक्ष्ण की भिंगाखाली सुताचे धागे मोजावेत, दोन ताग्यांच्या छटांतील फरक दिव्याच्या उजेडातही अचूक सांगावा. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून सात-आठ वर्षांत त्यांनी तीन वेळा चष्मा नवा केला. तिन्ही वेळा अक्षरांच्या तक्त्यावरील शेवटची ओळ त्यांनी बिनचूक वाचली आणि तिन्ही वेळा ‘डोळे उत्तम आहेत’ असा निर्वाळा घेऊन ते घरी परतले. मधल्या काळात दुकानाच्या पायरीवर दोनदा पाय चुकला. स्कूटरचा आरसा रिक्षाला घासला. डावीकडून आलेल्या हमालावर ते आदळले आणि बाजारात हल्ली गर्दी फार झाली आहे, असे म्हणाले. एके दिवशी उजव्या डोळ्यात कापडाचा कण गेला म्हणून त्यांनी तो डोळा हाताने झाकला, आणि समोरचे सारे दुकान नाहीसे झाले. एका फटीएवढेच काय ते दिसत होते. डावा डोळा केव्हा गेला याचा त्यांना पत्ताच नव्हता, कारण उजवा डोळा त्याचेही काम बिनबोभाट उरकीत होता. पुढे तपासणीत त्या उजव्या डोळ्याची नसही बरीच झिजलेली आढळली.

तीन वेळा नंबर तपासला गेला, पण एकदाही कोणी डोळ्याचा पाठीमागचा भाग पाहिला नाही. यात एकट्या चष्मेवाल्याला दोष देणे योग्य होणार नाही. गृहस्थांनी चष्मा मागितला होता, त्यांना चष्मा मिळाला.

असे घडण्याचे कारण या आजाराच्या स्वभावातच आहे. बहुतेकांत तो दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. मधली, वाचण्याची, चेहरे ओळखण्याची दृष्टी बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहते. झीज होते ती आजूबाजूची. तीही काळा डाग बनून समोर येत नाही. जो भाग दिसत नाही तो मेंदू आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो, त्यामुळे काही हरवले आहे हेच माणसाला उमगत नाही. तागा हाती घेतला की सामान्य गिऱ्हाईक मधला पोत चाचपून पाहते. काठ उलगडून पाहतो तो जाणकार. अक्षरांचा तक्ता हा मधला पोत तपासतो. काठ तपासण्यासाठी निराळे डोळे आणि निराळी यंत्रे लागतात.

आता हा आजार होतो कसा, हे थोडक्यात पाहू. डोळ्याच्या आत पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या कोनातील बारीक जाळीतून तो बाहेर निघून जातो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. नळ चालू राहिला आणि मोरी तुंबली तर जे होते तेच येथे होते: डोळ्यातील दाब वाढतो आणि मागील नसेवर त्याचा भार पडतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. मात्र येथे एक मोठी खोच आहे. दाब २१ च्या आत असूनही नस झिजते, अशा रुग्णांची संख्या लहान नाही. उलट दाब थोडा अधिक असूनही वर्षानुवर्षे नस सुरक्षित राहिलेली माणसेही आढळतात. बुबुळावरील पारदर्शक पटल जात्याच पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखविते. म्हणून ‘दाब तपासला, ठीक आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणे हे रोकड मोजून वही न पाहण्यासारखे आहे. नस पाहिलीच पाहिजे.

काचबिंदूचा दुसरा प्रकार मात्र गुपचूप येत नाही. काहींच्या डोळ्यातील कोन जन्मतःच अरुंद असतो. लांबचे स्पष्ट दिसून जवळचे पुसट दिसणारे, म्हणजे अधिक नंबराचे लोक, आणि त्यातही उतारवयातील स्त्रिया यांत हे प्रमाण अधिक दिसते. असा कोन एकाएकी बंद झाला की डोळा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, दिव्याभोवती रंगीत वलय दिसते, उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी पाहून घरातील मंडळी पित्त समजतात, अर्धशिशी समजतात, सुंठीचा लेप लावतात आणि सकाळची वाट पाहतात. अशा वेळी तास मोजावे लागतात. दुखणाऱ्या बाजूचा डोळा लाल आहे आणि दिसणे अंधुक झाले आहे, एवढे ध्यानात आले की त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ गाठावा. गंमत अशी की हा प्रकार माणसाला घाबरवितो म्हणून उपचारापर्यंत नेतो. शांत राहणारा पहिला प्रकारच अधिक दृष्टी नेतो. कोन बंद होण्याचा आजार पुष्कळांत तसाच मूकपणेही वाढतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भारतात या आजाराचा आवाका किती? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असावा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूतील तीन जिल्ह्यांत केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत मूक प्रकारचा काचबिंदू आढळलेल्या शंभरातील नव्वदहून अधिक जणांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती. अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांनी पूर्वी केव्हातरी नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखविलेले होते. म्हणजे पेठेतील त्या गृहस्थांची कहाणी अपवाद नव्हे.

येथे कोणी हिशेबी माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो घेणे रास्तच आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे, तर केवळ ५.५ टक्के काचबिंदूमुळे असल्याचे दिसून आले. मग धर्मादाय पैसा साहजिकच मोतीबिंदूकडे जावा, नाही का? देशाचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, तेव्हापासून त्याचा भर मुख्यत्वे मोतीबिंदूवर राहिला आणि त्याची फळेही देशाने पाहिली. ते काम थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. पण या दोन आकड्यांची तुलना सरळ टक्केवारीने करणे ही जमाखर्चातील चूक आहे. पहिल्या खात्यातील बहुतांश रक्कम परत मिळण्याजोगी आहे. दुसऱ्या खात्यातील एक पैसाही परत मिळत नाही. तेथे फक्त पुढील तूट थांबविता येते, आणि तीही वेळेवर कळले तर.

नेत्रदानाविषयीचा एक गैरसमजही याच ठिकाणी दूर व्हावा. जैन समाजात नेत्रदानाचे कार्य अनेक ठिकाणी श्रद्धेने चालते. घरात दुःखद प्रसंग असतानाही कुटुंबीय डॉक्टरांना दूरध्वनी करतात, याहून मोठे दातृत्व ते कोणते? मात्र दान केलेल्या नेत्रातील पुढचे पारदर्शक पटल तेवढे दुसऱ्याला बसविता येते. ज्याची नस सुकली आहे त्याला त्या पटलाचा उपयोग होत नाही. ‘पुढे वेळ आलीच तर कोणाचा तरी डोळा मिळेल’ ही आशा काचबिंदूच्या रुग्णाने बाळगू नये, आणि घरच्यांनीही ती त्याला दाखवू नये.

तपासणी कोणी करावी? जगातील आरोग्यतज्ज्ञांतही सरसकट संपूर्ण लोकसंख्येची चाळणी करावी की नाही याविषयी एकमत नाही; खर्चाच्या मानाने लाभ सिद्ध झालेला नाही असे अनेकांचे मत आहे. म्हणून अधिक धोका असलेल्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने चष्म्यासाठी जाताना नसेचीही तपासणी मागून घ्यावी, हा साधा नियम. त्याउपर मधुमेही, जाड उणे नंबराचा चष्मा असलेले, डोळ्याला पूर्वी मार लागलेला असणारे यांनी अधिक सावध असावे. पण सर्वांत आधी यावे ते रुग्णाचे सख्खे भाऊ, बहिणी आणि मुले. सामान्य माणसाच्या तुलनेत त्यांचा धोका काही पटींनी, साधारण चार ते नऊ पटींनी, अधिक असल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. लग्नकार्यात, भाऊबीजेला, राखीपौर्णिमेला सारी भावंडे एकत्र येतात. वडिलांची कोणती मालमत्ता कोणाकडे गेली याची चर्चाही होते. वडिलांचा काचबिंदू कोणाकडे आला आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

एका धोक्याचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण तो घरोघरी आहे. उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. कोणी डॉक्टर एकदा स्टिरॉइडचे थेंब लिहून देतो, दोन दिवसांत आराम पडतो. मग तीच रिकामी बाटली दाखवून औषधांच्या दुकानातून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तेच थेंब आणले जातात. अशा थेंबांनी काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि शाळकरी वयात काचबिंदू होतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी वा त्वचेसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही डोळ्यांचा दाब तपासत राहावे; मात्र ती औषधे मनाने बंद करू नयेत.

तपासणी म्हटले की अनेकजण धास्तावतात. वस्तुतः तीत भय वाटावे असे काही नाही. डोळा बधिर करणारा थेंब घालून एक लहानसे उपकरण क्षणभर टेकविले जाते व दाब मोजला जातो. एका आरशाच्या भिंगाने कोन पाहिला जातो. नंतर बाहुली मोठी करणारे थेंब घालून नस पाहिली जाते. त्यानंतर काही तास जवळचे पुसट दिसते व उजेड सोसत नाही, तेव्हा त्या दिवशी वाहन स्वतः चालवू नये. चौथी तपासणी दृष्टिक्षेत्राची. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून एका अर्धगोलाकार यंत्रात मधल्या दिव्याकडे पाहत बसावयाचे आणि आजूबाजूला कोठेही ठिणगी चमकली की हातातील बटण दाबावयाचे. ही कंटाळवाणी आहे. वयस्क मंडळी मध्येच नजर फिरवितात, डुलकी घेतात, आणि पहिला निकाल अनेकदा भरवशाचा नसतो. दुसऱ्यांदा करावयास सांगितले म्हणजे डॉक्टर पैसे काढतो, असा ग्रह करून घेऊ नये. नसेच्या थराची जाडी मोजणारी यंत्रेही आता बहुतेक मोठ्या गावांतून उपलब्ध आहेत. जुने अहवाल जपून ठेवावेत. या आजारात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पाच वर्षांच्या आकड्यांचा कल अधिक बोलका असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

निदान झाले म्हणजे सारे संपले असे मुळीच नाही. दाब कमी केला की झीज मंदावते, हे स्वीडनमधील माल्मो येथे झालेल्या दीर्घ अभ्यासाने २००२ साली स्पष्ट केले. दाब एका मिलिमीटरने जरी उतरला तरी आजार बळावण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. उपाय तीन: थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया. काही रुग्णांत थेंबांऐवजी प्रथम लेसर करणेही तितकेच परिणामकारक ठरते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासातून दिसून आले आहे. कोणास काय योग्य हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे. थेंब घेणाऱ्याला त्यांपासून काही दिसण्याजोगा लाभ होत नाही, ही खरी अडचण. दृष्टी वाढत नाही, उलट डोळा थोडा चुरचुरतो, लाल होतो. खर्च मात्र दरमहा होतो. लाभ दिसत नाही म्हणून दोन-तीन बाटल्यांनंतर औषध बंद करणारे फार आहेत. दम्याच्या रुग्णाने आपला आजार डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण टिमोलॉलसारखे थेंब त्याला त्रासदायक ठरू शकतात.

आता तपश्चर्येचा विषय. तो नाजूक आहे, पण या सभेत तो बोलला गेला नाही तर अन्यत्र कोठेही बोलला जाणार नाही. उपरोक्त गृहस्थांनी निदानानंतर पहिल्याच पर्युषणात अठ्ठाई केली आणि आठही दिवस थेंब बंद ठेवले. औषध घशात उतरते, तेव्हा पच्चक्खाण मोडेल अशी त्यांना शंका होती. शंका निराधार नव्हती, कारण डोळ्यातून नाकात जाणाऱ्या सूक्ष्म नळीवाटे थेंबाची चव काहींना खरोखरच घशात जाणवते. यावर एक साधी कृती आहे. थेंब एकच घालावा, डोळा अलगद मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. औषध डोळ्यातच राहते, खाली उतरत नाही, आणि त्याचा गुणही अधिक येतो. दोन निरनिराळी औषधे असल्यास मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. चौविहार करणाऱ्यांनी रात्रीच्या थेंबाची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. वेळ रोज एकच राहणे महत्त्वाचे असते आणि बहुधा असा बदल करता येतो. उरलेली शंका गुरुमहाराजांच्या चरणी मांडावी. परस्पर औषध बंद करणे हा मार्ग नव्हे.

त्याच अनुषंगाने आणखी एक. सूर्यास्त जवळ आला की पुष्कळजण लोटाभर पाणी एका दमात पितात. थोड्या मिनिटांत लिटरभर पाणी प्यायल्यास काचबिंदूच्या डोळ्यातील दाब काही काळ वाढतो. तेव्हा रुग्णाने पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. शीर्षासनही करू नये. त्या स्थितीत डोळ्यातील दाब साधारण दुपटीपर्यंत जातो.

चालताना समोरची भूमी न्याहाळीत जावे, ही ईर्यासमितीची शिकवण घरोघरी बालपणापासून मिळते. दृष्टिक्षेत्राचा खालचा भाग ज्याचा गेला त्याला ती भूमीच दिसत नाही. पायरी दिसत नाही, जीवजंतू कोठून दिसणार? अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वीजींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. एरवी त्यांचा मुक्काम दोन-चार दिवसांचा, त्यामुळे तपासणी एका गावी आणि अहवाल दुसऱ्या गावी अशी गत होते. चातुर्मासाचे चार महिने मात्र ते एकाच ठिकाणी असतात. त्यांची अनुमती घेऊन, त्यांच्या आचाराच्या मर्यादा सांभाळून नेत्रतज्ज्ञांना उपाश्रयात नेणे आणि त्याच मुक्कामात दुसरी तपासणीही करविणे सहज शक्य आहे. वैयावच्चाच्या यादीत औषधोपचार असतोच. त्यात नसेची तपासणी एवढीच भर घालावयाची आहे.

न्यासाच्या शिबिरांविषयी काही सूचना करणे प्रसंगोचित होईल. नेत्रशिबिरांची परंपरा या देशात मोठी आहे. कर्नाटकातील डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी गावोगावी भरविलेल्या शिबिरांत असंख्य लोकांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने दृष्टी मिळाली. त्या शिबिरांचा साचा एका दिवसात पूर्ण होणाऱ्या कामासाठी घडलेला होता: रुग्ण आला, शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली, छायाचित्र निघाले. काचबिंदू या साच्यात बसत नाही. त्याचे काम शिबिर संपल्यावर सुरू होते.

म्हणून पहिली सूचना अशी की शिबिरात दाब मोजण्याबरोबर नस पाहणारा तज्ज्ञ अवश्य असावा. तो मिळत नसेल तर नसेचे छायाचित्र घेणारा सुटसुटीत कॅमेरा आणावा. छायाचित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची सोय आता अवघड राहिलेली नाही. एकट्या दाबावर ‘काचबिंदू नाही’ अशी चिठ्ठी कोणाच्याही हाती देऊ नये. अशी चिठ्ठी न मिळालेला माणूस निदान साशंक तरी राहतो.

दुसरी सूचना संशयित रुग्णांच्या नोंदवहीची. शिबिरात ‘पुढील तपासणीस जा’ असे सांगितलेल्यांपैकी किती गेले, हे कोणत्याही अहवालात क्वचितच छापलेले आढळते. अहवालात छापले जाते ते ‘इतक्या जणांनी लाभ घेतला’. हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. युवक मंडळाने प्रत्येक संशयित रुग्णाला पंधरा दिवसांत दूरध्वनी करावा, गरज पडल्यास सोबत रुग्णालयात जावे, आणि वर्षभरानंतर तो थेंब घालतो आहे की नाही याची नोंद करावी. पुढील वार्षिक सभेत हे दोन आकडे ताळेबंदासोबत वाचले जावेत. ते प्रारंभी लहान असतील, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. दाते शस्त्रक्रियेसाठी रक्कम आनंदाने देतात, कारण तिला प्रारंभ आणि शेवट असतो. एका विधवा भगिनीच्या दरमहाच्या थेंबांसाठी दहा वर्षे रक्कम देणारा दाता मिळणे कठीण. येथे कायम निधी उभारून त्याच्या व्याजातून औषधे पुरविणे हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. साधर्मिक भक्तीच्या फंडातून स्वस्त पण गुणवत्तेची खात्री असलेली औषधे घाऊक दराने घेता येतील. समाजात औषध व्यापारी कमी नाहीत, आणि कोणत्या मालावर किती सूट मिळते हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

दरवर्षी मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह पाळला जातो. त्या सुमारास व्यापाऱ्याला वर्षअखेरीची घाई असते, हे खरे. तरी वह्या जुळविण्याच्या त्या धामधुमीतच दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून समोरची भिंत पाहण्यास एक मिनिट लागते. या घरगुती पाहणीने आरंभीचा काचबिंदू सापडत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. तिने कळते ते फार उशिराचे.

शिबिराच्या नोंदणीच्या मेजावर नाव, वय, पत्ता यांपुढे एक रकाना वाढवावा: सख्ख्या नात्यात कोणास काचबिंदू आहे काय? ‘ठाऊक नाही’ असे उत्तर आले तर घरी विचारून येण्यास सांगावे. ज्यांच्यात आजार आढळेल त्यांच्या हाती एकच चिठ्ठी न देता जितकी भावंडे तितक्या चिठ्ठ्या द्याव्यात.

पेठेतील त्या गृहस्थांच्या डॉक्टरांनी नेमके हेच केले. धाकटे बंधू तेव्हा ५१ वर्षांचे होते, त्यांना काहीही तक्रार नव्हती, आणि हंगामाचे दिवस असल्याने ते येण्यास राजी नव्हते. वहिनींनी त्यांना जवळजवळ ओढून नेले. त्यांच्या दोन्ही नसांत आरंभीची झीज निघाली. आज ते रोज सायंकाळी ठरल्या वेळी, चौविहारापूर्वी, एक थेंब घालतात, दर सहा महिन्यांनी तपासणी करवितात आणि स्कूटर स्वतः चालवितात. थोरले बंधू दिवसा गादीवर बसतात. दिवे लागले की धाकटे गल्ला बंद करतात आणि त्यांचा हात धरून दुकानाच्या त्या तीन पायऱ्या उतरवून देतात.

जय जिनेंद्र!